पाय नाही, चाक ठेवीन

बाबूजी आणि काकाजी हे सख्खे भाऊ. दोघांनी एकाच दिवशी, एकाच बांधावर उभं राहून एकमेकांविरुद्ध शपथ घेतली आणि पुढची सात-आठ वर्षं ती बाकीच्यांनी भोगली. भांडण बोडीच्या पाण्याचं होतं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला राखलेलं लहानसं तळं. आमची बोडी दोघांत सामायिक होती. त्या वर्षी पावसानं ओढ दिली, पाण्याच्या पाळ्या लागल्या आणि ज्या सकाळी बाबूजींची पाळी होती त्याच सकाळी बोडी अर्धी रिकामी सापडली. बाबूजी म्हणाले, लहान्यानं बोडीचा बांध फोडला. काकाजी म्हणाले, उंदरांनी पोखरला. उंदरांना कुणी साक्षीला बोलावलं नाही. बाबूजी गरजले, "तुह्या दारात पाय नाही ठेवणार!" काकाजी म्हणाले, "मी तुह्या आंगनात पाय ठेवलो तं बापाचं नाव नाही लावणार!" बाप दोघांचा एकच होता, पण भांडणाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काकाजी तोवर सासुरवाडीच्या गावात घर बांधून राहायला गेले होते. आमचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या अलीकडं, त्यांचं पाच-सहा किलोमीटर पलीकडं. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि मधल्या माणसांना उगाच इकडून तिकडं जावं लागायचं. मला दोघांचाही मनस्वी राग यायचा. मी लहान असताना गावच्या जत्रेत काकाजींच्या खांद्यावर बसून दंडारीचा नाच बघितला होता. पोहायला त्यांनीच शिकवलं, तेही त्याच बोडीत, ढकलून देऊन. लग्न होऊन मी नागपूरला गेले, दरवर्षी भाऊबीजेला माहेरी यायचे, पण काकाजींना भेटायचं तर गोंदियाला काम आहे असं सांगून घरून निघावं लागायचं. मला काकाजी हवे होते, चोरून नको होते.

आता गाडीचं सांगते. २०१७ च्या आसपास माझा भाऊ पुण्याहून नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपली हायब्रीड गाडी बाबूजींच्या छपरीत लावून गेला. पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते, असं त्यानं समजावलं. बाबूजींना ती मुळीच पटली नाही. बटण दाबलं की गाडी चालू होते पण आवाज करत नाही, ही गोष्ट त्यांना अपमानासारखी वाटायची. "चालू झाली का नाही, हे गाडीनं सांगाले नको?" असं म्हणून ते पुन्हा बटण दाबायचे, आणि चालू झालेली गाडी बंद व्हायची. मग काचेसमोर 'रेडी' हा हिरवा शब्द उमटला की गाडी चालू, एवढं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. गावात मात्र ही गाडी मुकी म्हणूनच प्रसिद्ध झाली.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घरातला एकही कोपरा अंधारात ठेवत नाहीत. देवघर, कोठी, गोठा, विहीर, सगळीकडं एकेक दिवा. उकिरड्यावरसुद्धा दिवा ठेवतात, कारण शेणखत हीही लक्ष्मीच. त्या वर्षी दिवे लावून झाले आणि बाबूजींना छपरीत गाडी अंधारात दिसली. उकिरड्याला दिवा आणि पोराच्या गाडीला नाही, हे काही बरं दिसेना. मखमली सीटवर तेलाची पणती ठेवायची म्हणजे लक्ष्मीऐवजी अग्निशमनवाल्यांना आवतण. म्हणून त्यांनी मागच्या सीटच्या वरचा वाचायचा बारका दिवा लावला, दार लावून रिमोटनं कुलूपबंद केलं, हात जोडले आणि आत गेले. लावलेला दिवा आपल्या हातानं विझवायचा नसतो, तेल संपलं की तो आपोआप शांत होतो. बाबूजींनी गाडीच्या दिव्यालाही हाच नियम लावला. मी पोचले ते त्यानंतर, भाऊबीजेला, आणि भर उजेडात छपरीतल्या गाडीकडं कोण निरखून बघतो?

आमच्याकडे दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. त्यानंतर गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच म्हणा. दुकानं लागतात, दंडार नाचते, रात्री नाटक होतं, आणि ज्या गावची मंडई त्या गावात सगळ्या पाहुण्यांना जेवायला बोलावतात. त्या वर्षी काकाजींच्या गावच्या मंडईचं आवतण आलं. काकीनं मायला फोन केला आणि शेवटी हळूच म्हणाली, "हे म्हणून राहिले, दादाले पन आना." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

बाबूजींनी ऐकलं आणि सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मी त्याच्या दारात पाय नाही ठेवणार म्हटलो होतो. चार लोकं होते तिथं."

माय भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग नका ठेवू पाय. गाडीतून जा, गाडीतच बसून राहा, ताट तिथंच आनून देतील. पाय नाही ठेवणार म्हटले होते ना? चाक नाही ठेवणार असं तं नोहोते म्हटले."

मला हसू आवरेना. पण बाबूजींनी ही गोष्ट एखाद्या वकिलासारखी तपासून बघितली आणि त्यांना तिच्यात खोट सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. दाढी केली होती, कानात अत्तराचा बोळा होता. भावाच्या दारात गाडीतून न उतरण्यासाठी इतका नटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला मात्र धाकधूक होती. बाबूजींचं मन एका दिवसापुरतं वळतं. आज गेले तर गेले, उद्यापासून पुन्हा बोडी, पुन्हा उंदीर.

आणि गाडी मेली होती. रिमोट दाबला, दारं उघडेनात. पुन्हा दाबला, काही नाही. माय नवं लुगडं नेसून, अनारशांचा डबा मांडीशी धरून पायरीवर बसून राहिली.

मी भावाला फोन लावला. त्याच्याकडं तेव्हा भलतीच वेळ होती, तो झोपेतून उठला आणि सगळं ऐकून म्हणाला, "लहान बॅटरी गेली असेल."

"लहान म्हणजे? किती आहेत?"

दोन होत्या. एक मोठी, जिच्यावर गाडी चालते, आणि एक लहान, साध्या गाडीत असते तशी. दारं, दिवे, बटणं सगळं त्या लहानीवर. मोठी ठणठणीत भरलेली असली तरी लहानीनं तिला जागं केल्याशिवाय ती काही करत नाही. साहेब येऊन बसलेत आणि किल्ली घेऊन शिपाई आला नाही म्हणून कचेरी बंद, तसला कारभार. मी विचारलं, लहान बॅटरी आहे कुठं? म्हणाला, डिक्कीत. डिक्की कशी उघडायची? म्हणाला, बटणानं, पण त्याला करंट लागतो. म्हणजे डिक्की उघडायला करंट पाहिजे आणि करंट डिक्कीत. ज्यानं ही गाडी बनवली त्याला एकदा आमच्या छपरीत आणून उभं करावं असं मला फार वाटलं.

रिमोटच्या पोटात एक खरी, लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती काढून पुढचं दार उघड, बॉनेट उघड, तिथं लाल झाकणाखाली वायर लावायची जागा आहे, दुसऱ्या एखाद्या गाडीच्या बॅटरीनं चालू होईल, असं त्यानं सांगितलं. वर बजावलं, "धक्का मारू नका. काही उपयोग नाही."

हे वाक्य कानावर पडायच्या आत धक्का सुरू झाला होता. आमच्या गावात बंद गाडी आणि मयत या दोन्ही गोष्टींना बोलवावं लागत नाही, लोक आपणहून येतात. मंडईला निघालेले, नवे कपडे घातलेले आठ-दहा बाप्ये बाह्या सारून गाडीला भिडले. गाडी तसूभर हलली नाही, कारण तिचा गिअरसुद्धा करंटवर चालतो आणि तो जिथं होता तिथंच अडकला होता. एक म्हणाला, ब्रेक जाम आहे. दुसरा म्हणाला, नजर लागली, आणि लिंबू आणायला गेला तो परत आलाच नाही. तिसऱ्यानं विचारलं, "करंटवर चालते ना भाऊ? मंग घरातला प्लग लावून पाहाना." त्याला उत्तर द्यायच्या आत लाइट गेली, म्हणून तो विषय आपोआप संपला. शेवटी सगळ्यांनी 'गाडी जपानी हाय, हिले मराठी समजत नाही' असा निकाल दिला, कपडे झटकले आणि आपापल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत बसून मंडईला निघून गेले. ज्यांच्या बॅटरीनं आमची गाडी चालू झाली असती ते सगळे ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि मी तेव्हा रिमोटच्या पोटातली किल्ली नखानं उकरत बसले होते.

किल्ली निघाली, दार उघडलं, बॉनेट उघडलं. पण वायर जोडायला आता गावात काही शिल्लक नव्हतं. बाबूजी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "देवाच्याच मनात नाही. राहू दे."

त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि तिच्याखाली काहीतरी दुसरंही होतं, ते मला ऐकवेना. म्हटलं, "कुणाच्या मोटारसायकलवर जाऊ ना."

"मोटारसायकलीवरून उतराच लागते," ते म्हणाले. तेही खरंच होतं.

मायनं काकीला फोन लावला. गाडीची बॅटरी गेली, आता नाही जमत, असं सांगितलं. पलीकडून काकाजींचा आवाज मलाही ऐकू आला, इतका मोठा होता तो. "बहाना करून राहिला थो! मी येतो पाहाले!"

अर्ध्या तासात लाल ट्रॅक्टर अंगणात शिरला. काकाजी उंच सीटवर, डोक्याला दुपट्टा, मांडीवर जाडजूड जंपर वायरींचं भेंडोळं. गाडीच्या तोंडाशी तोंड आणून त्यांनी ट्रॅक्टर उभा केला आणि वरच बसून राहिले. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. अंगणात चाक आलं होतं, पाय नाही. बाबूजींना पटलेली मायची वकिली पाच-सहा किलोमीटरवर त्यांच्या भावालाही आपोआप सुचली होती. एकाच आईचं दूध प्यालेले, दुसरं काय!

तर असा देखावा. एक भाऊ गाडीत, एक भाऊ ट्रॅक्टरवर, दोघं एकमेकांकडं न बघता माझ्याशी बोलणार.

"बाई, त्याले सांग, लाल वायर पहिले लाव म्हना."

"बाई, त्याले सांग, मले मालूम आहे."

वायर लावणारी मी होते, ती गोष्ट दोघांच्या खिजगणतीत नव्हती. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लाल जोडली, गाडीच्या लाल झाकणाखाली जोडली, काळी ट्रॅक्टरला, आणि उरलेलं टोक भावानं सांगितल्याप्रमाणं गाडीच्या उघड्या लोखंडाला. चर्रदिशी एक ठिणगी उडाली. त्याबरोबर गाडीत, मागं जाऊन बसलेल्या मायच्या डोक्यावर, एक बारका पिवळा दिवा लागला. माय वर बघून म्हणाली, "अगो बाई, लक्ष्मीचा दिवा!" बाबूजी आरशातून त्या दिव्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "भावाले सांगू नको."

त्यांनी ब्रेक दाबून बटण दाबलं. मी खिडकीशी होते. काचेसमोर हिरवा शब्द उमटला. रेडी. गाडी चालू झाली होती, आपल्या नेहमीच्या मुक्या पद्धतीनं.

काकाजींनी ट्रॅक्टर बंद केला, कान दिला आणि म्हणाले, "नाही लागली."

मी तोंड उघडणार तोच बाबूजींनी खिडकीतून माझा हात धरला. दुसरा पंजा त्यांनी त्या हिरव्या शब्दावर ठेवला होता, पोरगं चोरलेली गोळी झाकतं तसा. आणि म्हणाले, "नाही लागली."

माझे बाबूजी खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला समोरच्याचा विचार करावा लागतो, तेवढी उसंत त्यांना कधी नसते. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"कशी नाही लागत?" काकाजी म्हणाले. "बाई, काळी वायर हालवून पाहा." मी हलवली. "नाही लागली," आतून आवाज आला. "लाल घट्ट दाब." मी दाबली. "नाही लागली." काकाजींचा पारा चढायला लागला. आयुष्यभरात त्यांनी बंद पडलेलं इंजिन तसंच सोडून दिलं नव्हतं, आणि आता भावाच्या दारात, भावाच्या देखत हार मानायची? त्यांनी एकदा अंगणाकडं बघितलं, एकदा बॉनेटकडं. "तुमच्यानं काईच होत नाही बे!" असं म्हणून त्यांनी दुपट्टा कमरेला बांधला आणि धप्पदिशी खाली उडी मारली.

सारवलेल्या अंगणात त्यांच्या दोन्ही टाचा उमटल्या. त्यांच्या ते गावीही नव्हतं. बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकून ते वायरींना शिव्या घालत होते. बाबूजी स्टिअरिंगच्या मागून त्यांच्या पाठीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला रागच आला. एवढंच हवं होतं तर इतकी वर्षं कशाला घालवली?

तेवढ्यात मागून माय म्हणाली, "उकडून राहिलं बाई. थंडी हवा लावा ना." माय भोळी नाही, हे इथं सांगून ठेवते. आणि बाबूजींनी, तिचं ऐकायच्या आयुष्यभराच्या सवयीनं, विचार न करता एसीचं बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग गाडीचं पेट्रोलचं इंजिन घरघरून आपोआप सुरू झालं.

काकाजी असे दचकले की डोकं बॉनेटला लागलं. "हे काय वाजून राहिलं?"

ते डोकं चोळत खिडकीशी आले, वाकले, बाबूजींचा पंजा उचलून बाजूला केला आणि तो हिरवा शब्द बघितला.

"कवा लागली?"

बाबूजी समोर बघत म्हणाले, "तू वर होता तवाच."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो तं तू वरच्यावर चालला गेला असता."

काकाजींनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. मग तोंड फिरवून दुपट्ट्यानं कपाळ पुसलं, त्यानंतर डोळेही पुसले, आणि म्हणाले, "बोडी उंदरानंच फोडली होती दादा."

"मोठा उंदीर होता," बाबूजी म्हणाले. "चल, चहा घे."

आणि गाडी बंद करून ते खाली उतरले. भावानं फोनवर नीट सांगितलं होतं, चालू झाल्यावर अर्धा-पाऊण तास बंद करू नका, लहान बॅटरी भरू द्या. ते मी ओरडून सांगेपर्यंत बटण दाबून झालं होतं, आणि मी रागाच्या भरात वायरीही काढून टाकल्या होत्या. चहा झाल्यावर बघतो तर गाडी पुन्हा ठार.

यावेळी तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. काकाजी ट्रॅक्टर चालवत होते, एका मडगार्डवर इस्त्रीच्या सदऱ्यातले बाबूजी, दुसऱ्यावर नव्या लुगड्यातली माय, आणि मी मागं लोखंडी पट्टीवर, अनारशांचा डबा छातीशी धरून, तोंडावर धूळ घेत. वाटभर दोघं बॅटरीवरून भांडले. काकाजींच्या दारात ट्रॅक्टर थांबला तसे बाबूजी रोज येत असल्यासारखे उतरले, ओसरीवर चढले आणि काकीला म्हणाले, "पानी दे बाई, तुह्या नवऱ्यानं सारा रस्ता हाडं खिळखिळे केले."

पुढच्या दिवाळीला मी लक्ष्मीपूजनालाच पोचले. दिवे लावून झाल्यावर छपरीत गेले तर गाडीच्या मागच्या सीटवर तो बारका दिवा जळत होता. बंद करायला मी दार उघडलं, तर अंगणातून बाबूजींचा आवाज आला.

"राहू दे. मंडईच्या सकाळी लहान्या येते ट्रॅक्टर घेऊन."